एका खणाची चोळी

माघ शु. ३

गेवराईहून परत आले. नणंदेच्या मुलीचं लग्न थाटात झालं. बुंदी जरा कडक होती, बाकी नाव ठेवायला जागा नाही. ओटीत पुन्हा एक खण आला. हिरवा, लाल काठाचा, फार सुरेख. पेटीत टाकला. पेटीत असे एकएकटे खण आता इतके झालेत की झाकण दाबून लावावं लागतं. साऱ्या बायकांची चोळी एका खणात होते, माझी होत नाही. सारखे दोन खण काही कुणी ओटीत घालत नाही. मग अंग एकाचं, बाह्या नि ठिगळं दुसऱ्याची, अशी माझी चोळी.

वरमाय सगळ्यांदेखत म्हणाली, "पाटलीणबाय, तुमची चोळी दोन गावची हाय जनू!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण पंक्तीला भिंतीकडे तोंड करून बसले. राग आला होता, खरंच आला होता.

घरी चकलांब्यापर्यंत बैलांच्या धमणीत दोन्ही हातांनी छाती धरून बसले. चाक खड्ड्यात गेलं की खांद्यापासून कंबरेपर्यंत कळ. चिमी म्हणते, "आई, तू सारकी काय धरून बसतीस?" म्हटलं, "तुझी शिदोरी होती बाई. तू खाल्ली नाहीस, मीच वाहते."

माघ शु. ५

छातीखाली पुन्हा चिघळलंय. खोबरेल, हळद, मऊ धुडक्याच्या घड्या. थंडीत हे हाल, तर चैत्रात काय होईल. दळायला बसले की जात्याचा खुंटा हातात यायच्या आधी मीच मला आडवी येते. हे लिहिताना हसू येतंय, दळताना येत नाही.

चिमी झाली तेव्हापासूनचं हे. आधी चारचौघींसारखीच होते. दुधाने वाढलं ते उतरलंच नाही. चिमीला बसून कधी पाजता आलं नाही. मी आडवी, आत्याबाई पोरीचं नाक मोकळं राहावं म्हणून हाताने उचलून धरणार, असा आमच्या घरातला सोहळा. मग गळू झालं, ताप भरला, पोर शेळीच्या दुधावर गेली. आता सात वर्षांची आहे, टणक आहे, कुणाला ऐकत नाही. शेळीचंच दूध ते.

तेव्हा आत्याबाईंनी देवीला चांदीचे स्तन वाहिले, सुनेचं दुखणं जावं म्हणून. हे अजून आईला चिडवतात, "देवीला वाटलं तू आनखी मागतीस, म्हनून दिले वाढवून."

माघ शु. ९

हे बीडला मुकदम्याच्या तारखेला गेले होते, बातमी घेऊन आले. तिथल्या जनाना दवाखान्यात हैदराबादची डॉक्टरीण आली आहे, विलायतेत शिकलेली. वकिलाच्या बहिणीचा गळ्याचा गोळा कापून काढला, बाई आता गाते म्हणे. ह्यांनी माझंही विचारलं. कसं विचारलं असेल देव जाणे, मला तर ह्यांच्यासमोर तो शब्दसुद्धा म्हणता येत नाही. डॉक्टरीण म्हणाली, घेऊन या, कमी करता येतं.

कमी करता येतं! दिवसभर हे तीन शब्द घोळवत होते. भाकरी करपली.

आत्याबाई: "देवानं दिलं ते चाकूनं कावून कमी करायचं? लोकाच्या बायका वाढावं म्हनून नवस करत्यात."

हे: "मंग लोकाच्या बायकांला वाटून ये थोडं."

आत्याबाईंनी लाटणं उगारलं. पण रात्री पाठीला तेल लावताना खांद्यावरच्या खोबणीवर त्यांचा हात थांबला. छातीचं ओझं उचलून धरायला मी खांद्यावरून फडकं बांधते, त्याने पडलेली खोबणी. बोट मावेल एवढी आहे. म्हणाल्या, "जाऊन तर येऊ."

माघ शु. १२

बीड. डॉ.बाई माझ्याच वयाच्या असतील, पांढरी साडी, हातात घड्याळ. बोलणं सगळं दख्खनी, पण कळतं. "बीबी, ये बोझ कब से?" चिमी झाल्यापासून म्हटलं. त्यांनी हात लावला तशी मी डोळे गच्च मिटले. वडिलांनी नांदूरघाटच्या शाळेत पोरांच्या मागे बसवून मला शिकवलं, चारचौघात बोलायची भीती नव्हती कधी. पण तिथे तोंडातून शब्द फुटेना. त्या बोलत होत्या, मी नुसती मान हलवत होते. मग पडद्याबाहेर जाऊन ह्यांच्याशी बराच वेळ बोलल्या.

हे म्हणाले, "समदं सांगितलं त्येंनी. बरं व्हतंय." कान लाल. सगळं म्हणजे काय ते काही बोलले नाहीत.

गावात सांगायचं ठरलं, गाठ काढायला चाललीय.

माघ व. ३

दवाखान्यात भरती. लोखंडी खाट, पांढरी चादर, खिडकीतून कडुलिंब. आत्याबाई खाली सतरंजीवर. हे समोरच्या वकिलाच्या ओसरीवर मुक्काम ठोकून आहेत, दर घटकेला दाराशी येऊन खोकतात. रूथबाई म्हणून नर्स आहे, इथलीच, लई बोलकी.

संध्याकाळी डॉ.बाईंनी मला ताठ बसवलं आणि काडीला कापूस गुंडाळून काळ्या शाईने अंगावर रेघा काढल्या. थंडगार. गळ्याच्या खळीपासून सुतळी लावून मापं घेतली. बोंडं कुठे यायची तिथे गोल. मी छताकडे बघत होते. झाल्यावर चोरून पाहिलं, वावराच्या मोजणीचा नकाशा दिसत होता. म्हटलं, झालं, मापं घेऊन झाली.

माघ व. ४

आज मोठाच घोटाळा झाला.

पहाटे आत्याबाईंनी उठवलं. "बिनआंघोळीची चाकूखाली जातीस व्हय? देवाचं नाव घ्यायचंय." बंबातलं कढत पाणी मागून घेतलं, घरून आणलेली शिकेकाई होतीच. अंगावरच्या रेघा पाहून म्हणाल्या, "हे काजळ दिष्टीसाठी लावलंय जनू. रातीपुरतं व्हतं ते." आणि नारळाच्या शेंडीने जी घासायला लागल्या! माझं म्हणणं, माप एकदा घेतलं की शिंपी खडूची रेघ झटकतोच. मीही हात वर करून बसले. लख्ख होऊन, कुंकू लावून, ओले केस सोडून मी खाटेवर हजर.

डॉ.बाई आल्या, पाहिलं, कपाळावर हात. "किने धोया?"

आ.बाई मोठ्या अभिमानाने, "म्या!"

त्या रेघांवरूनच कापायचं होतं. बाई आडवी झाली की सगळं बगलेकडे ओघळतं, मग कुठलं कुठे काही समजत नाही, म्हणून बसवून आखतात. ते रूथबाईने मागाहून सांगितलं. मोठ्या दवाखान्यातून क्लोरोफॉर्म द्यायला डॉक्टर आले होते, त्यांना लगेच परत जायचं होतं, ते गेले. आता परवा. डॉ.बाई आधी चिडल्या, मग खुर्चीवर बसून इतक्या हसल्या की डोळे पुसले. आ.बाई फुगून बसल्या. "सांगाया नको का मंग? आमी काय अंतर्ज्ञानी हाव?"

बरोबरच आहे त्यांचं.

तोच दिवस, दुपार

रूथबाई उशी बदलताना म्हणाली, "बरंच झालं म्हना, इचार करायला येक दिस गावला. पुढं लेकरू झालं तर दूध येनार न्हाई, ते ठाऊक हाय ना तुमास्नी?"

मला ठाऊक नव्हतं.

ह्यांना बोलावलं. दारातून म्हणाले, "डाक्टरीणबाय बोलल्या व्हत्या तसं." मग मला का नाही सांगितलं? "आय बसली व्हती. तसलं कसं बोलू?" एवढा मोठा माणूस, कचेरीत तहसीलदारासमोर छाती काढून बोलतो. मी तोंड भिंतीकडे केलं. बोलले असते तर रडले असते.

आमच्या समोरच्या घरातली सुंदरा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पोराला पाजते. पाजता पाजता रस्त्याने जाणाऱ्याशी बोलते, तांदूळ निवडते, कोंबडीला शुक् करते. मला आणखी एक मूल हवं आहे. आणि मला तसं बसायचं आहे. एवढंच मागणं आहे, आणि ते मी आजवर इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

माघ व. ५

आज पुन्हा रेघा. या खेपेला मी डोळे उघडे ठेवले.

म्हटलं, बाई, दूध राहायला पाहिजे. डॉ.बाईंनी काडी खाली ठेवली. "तुमारे मियाँ बोले, एक बच्ची है, बस है." मी म्हटलं, त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही, आता सांगते.

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. दोन रीती आहेत. एक लवकरची: बोंड कापून अलग करायचं, नको ते काढून टाकायचं, बोंड वर नव्या जागी शिवायचं. सुटका लवकर होते, पण दुधाच्या नळ्या तुटल्या त्या तुटल्या. दुसरी रीत: बोंड खालच्या मांसाला देठासारखं धरून ठेवायचं, भोवतालचं कोरून काढायचं आणि देठासकट वर सरकवायचं. वेळ दुप्पट, क्लोरोफॉर्म जास्त, रक्त जास्त. देठाला रक्त कमी पडलं तर बोंड काळं पडून गळून जाईल. आणि इतकं करून दूध येईलच असं नाही. "वादा नै करती मैं. कोशिश करती."

मी म्हटलं, दुसरी.

आ.बाई खालून म्हणाल्या, "अगं, दूध न्हाई आलं तर शेळी हाय की! जीव पैला." म्हटलं, आत्याबाई, शेळीला ओट्यावर बसता येत नाही. त्या उठून जवळ आल्या. मग पदराने माझं कपाळ पुसलं, घाम नव्हता तरी.

डॉ.बाईंनी विचारलं, कित्ता रखूँ? हे मात्र मला कसं सांगावं कळेना. शेर-पायलीत सांगायचं का? मग सुचलं. म्हटलं, एका खणात चोळी बसेल एवढं. खण म्हणजे काय ते हैदराबादच्या बाईला कुठून माहीत! आ.बाईंनी गाठोड्यातून काढला, देवीच्या ओटीसाठी आणलेला कोरा होता. मी बसले, त्या दोघींनी तो माझ्या छातीवरून दोन बगलांमध्ये धरला. डॉ.बाई विलायतेची सुतळी बाजूला ठेवून खणाने माप घेताहेत आणि आ.बाई त्यांना सांगताहेत, "गाठीला चार बोटं सोडा हां. आन् शिवनीत जातंय ते येगळं." डॉ.बाई: "हौ अम्मा, हौ."

रेघा झाल्यावर रूथबाईने आ.बाईंना बजावलं. आ.बाई म्हणाल्या, "आता हात लावला तर हात तोडा माजा." उद्या आंघोळ गळ्यावरून आणि पायांवरून फक्त.

ह्यांनी कागदावर सही केली. दाराबाहेरून म्हणाले, "तुजं मन व्हतं तर आधी बोलायचं." मी म्हटलं, तुम्हीही.

माघ व. ९

तिथी आ.बाईंना विचारून घातली. हात वर होत नाही, वही पोटावर ठेवून लिहितेय. ओळी वाकड्या.

जिवंत आहे.

माघ व. १०

थोडं जास्त लिहिते. त्या दिवशी आ.बाईंनी अट घातली, परक्या बाप्याने सुनेला पाहायचं नाही. मग माझ्या गळ्यावर आडवा पडदा बांधला. क्लोरोफॉर्मवाले डॉक्टर डोक्याकडे, डॉ.बाई पडद्यापलीकडे, डोक्यावर पुन्हा पदर, नाक तेवढं उघडं. डॉक्टर हसले नाहीत, भला माणूस. नाकावर जाळीची टोपली ठेवून वर थेंब टाकतात. गोड, उग्र वास, पिकून नासलेल्या पपईसारखा. म्हणाले, बाई, नावं घ्या. मी घरातल्या म्हशींची नावं घ्यायला लागले. देवाची घ्यायची होती. चंद्री, कपिली, त्यापुढे आठवत नाही.

पुढचं रूथबाईने सांगितलं, मीच खोदून विचारलं. आधी रेघेवरून वरचं कातडं कापलं. शिरा चिमट्यांनी धरून बांधल्या. मग आतलं कोरून काढलं, पिवळं, लोण्याच्या गोळ्यांसारखं, आणि पांढऱ्या दोऱ्यांचं. देठ तेवढा ठेवला. वर नवं छिद्र केलं, काज करतात तसं, आणि बोंड त्यातून बाहेर काढून भोवती टाके. मग दोन्ही बाजू खाली ओढून जुळवल्या आणि शिवल्या. म्हणजे ढगळ चोळी उसवायची, जास्तीचं कापायचं नि पुन्हा बेतून शिवायची. सगळं समजलं मला. शिवण आतून जनावराच्या आतड्याच्या दोऱ्याची, बाहेरून रेशमाची. रेशमाची म्हटल्यावर आ.बाईंना जरा बरं वाटलं.

मध्येच एकदा माझी नाडी मंद झाली, तेव्हा डॉ.बाईंनी हात थांबवले. मग पुन्हा चालू. हे मला रूथबाईने सांगितलं, ह्यांना सांगू नको म्हणाली.

काढलेलं तामचिनीच्या घमेल्यात होतं. ते जाळतात इथे. आ.बाईंनी जाळू दिलं नाही. वार पुरतात तसं मागच्या कडुलिंबाखाली पुरलं, वर हळदकुंकू, भाताची मूद. डॉ.बाई खिडकीतून बघत होत्या.

माघ व. १४

शिवरात्र. आ.बाईंना उपास, मला सक्तीने कोंबडीचं कढण. कपिलधारला आज गर्दी असेल.

बगलेतून रबरी नळ्या आहेत, त्यातून तांबूस पाणी येतं. दुखतं, पण हे दुखणं नवं आहे, जुनं गेलं. पाठ! पाठ माझी आहे असं वाटतच नाही. उठून बसले तर तोल मागे जातोय, पुढे ओढणारं कुणी नाही.

डावी बाजू चांगली आहे. उजवीकडचं बोंड काठाने काळसर. डॉ.बाईंनी सुईने टोचून पाहिलं, मला कळलं नाही. "देखेंगे," एवढंच. मला झोप लागली नाही दुपारी.

फाल्गुन शु. ४

टाके काढले. उजवीकडची खपली पडली, खाली गुलाबी निघालं. सगळं नाही गेलं, काठच गेला! डॉ.बाई म्हणाल्या, "देख बीबी, ज़िद्दी है, तुमारे जैसा." अजून तिथे स्पर्श कळत नाही. डावीकडे कळतो, थंड हात लावला तर दचकते.

आरसा मागितला. शिवण गोल, आणि खाली उभी, आणि मग आडवी. लाल दोरी लावल्यासारखी. सुंदर म्हणता येणार नाही. पण खाली पाहिलं तर मला माझी पावलं दिसली. पुढे न वाकता. मी हसायला लागले, टाक्यांच्या जागा दुखेपर्यंत.

फाल्गुन शु. ९

घरी. धमणीत दोन्ही हात मोकळे, काय करावं त्यांचं कळेना, मग शेंगा फोडत आले. चिमी धावत आली, दोन पावलांवर थांबली. "आई, तुजी शिदोरी कुटं गेली?" ये म्हटलं. हळू येऊन टेकली. डोकं इथे, हनुवटीखाली आलं. आजवर कधी आलं नव्हतं. खूप रडले, चिमी घाबरली, मग तिला गूळ दिला.

गावातल्या बायका गाठ बघायला आल्या. आ.बाईंनी सगळ्यांना दारातूनच, "काढली. पुरली. चहा घ्या."

फाल्गुन व. २

पेटी उपसली. तो गेवराईचा हिरवा खण काढला. बेतला, कापला, शिवला. एका खणात! वर हातभर चिंधी उरली, तिची चिमीच्या बाहुलीला चोळी. दाराआडून ह्यांना दाखवली. हे म्हणाले, "आता बाकीच्या पेटीचं काय करनार?" म्हटलं, रोज एक नवी घालणार. काय करायचं ते करा.

काल पालथी झोपले. पालथी! लहानपणी झोपायचे तशी.

श्रावण शु. ५

नागपंचमी. वडाला झोके. लग्नानंतर पहिल्यांदा चढले, उभ्याने. सुंदरा खालून ओरडत होती, "पाटलीणबाय, फांदी मोडंल!" मोडली नाही. आ.बाई धावत आल्या आणि सगळ्या गावासमोर, "उतर आधी! दोन म्हैनं झालं न्हाईस बाजूला बसली, मला काय मोजता येत न्हाई व्हय?"

मी मोजत होतेच. बोलले नव्हते, नजर लागेल म्हणून. आता साऱ्या चकलांब्याला माहीत.

भाद्रपद व. १

बीडला डॉ.बाईंना दाखवलं. पोट ठीक. वरचं तपासून म्हणाल्या, दोन्हीकडे वाढतंय थोडं, चांगली खूण. दूध? "बीबी, मैं पहले बोली ना." त्यांची पुढच्या महिन्यात हैदराबादला बदली. जाताना मी खण दिला, चंदेरी काठाचा, पेटीतला सगळ्यात चांगला. त्या चोळी घालत नाहीत, पोलकं घालतात. पण त्यांनी तो छातीला लावून माप घेतल्याचं सोंग केलं आणि म्हणाल्या, "चार बोट गाठ के." दोघी हसलो. फार लळा लागला या बाईचा.

मार्गशीर्ष शु. ७

डोहाळजेवण. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, आणि तीच हिरवी चोळी, आता तटतटते, गाठ जेमतेम बसते. ह्यांनी वावरातून हुरड्याची कणसं आणली. माघातल्या लग्नातली ती वरमाय गेवराईहून आली होती, चोळीकडे दोनदा पाहिलं. ओटीत सात खण आले. सातही कामाचे.

दिवेलागणीला लुगडं सोडताना चोळीवर ओला डाग दिसला. डावीकडे. अळवावरच्या थेंबाएवढा. घाम असेल म्हणून बोट लावलं, चिकट. वास घेतला. मग भिंतीला टेकून उभी राहिले.

उजवीकडे पाहिलं, कोरडं. दाबून पाहिलं, काही नाही. स्पर्शही अजून अर्धाच कळतो तिथे. अजून तीन महिने आहेत.

कुणाला सांगितलं नाही. उशी घेऊन ओट्यावर गेले, समोर सुंदरा पोराला पाजत होती. मी उशी मांडीवर घेतली, डावीकडे टेकवून धरली. पाठ ताठ राहिली, हात मोकळा राहिला. म्हटलं, एकाच बाजूचं आलं तर असं धरावं लागेल, सवय केलेली बरी.

आ.बाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. चोळीवरचा डाग पाहिला, उशी पाहिली. शेजारी बसल्या.

"उजवीकडं बी धर जरा," म्हणाल्या. "त्या बाजूला कावून वाटावं, आपल्याला कुनी इचारलंच न्हाई."

मी उशी उजवीकडे घेतली.